फिलिप्पैकरांस पत्र
बायबलच्या नव्या करारातील चार अध्यायांचे पत्र. इ. स. च्या पहिल्या शतकात प्रेषित पौलाने ते तुरुंगातून मॅसिडोनियातील फिलिप्पै येथील मंडळीला लिहिले. मूळ भाषा ग्रीक. हा तुरुंग परंपरेने रोमचा मानतात. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरियाही सुचवतात.

डोक्यावर मृत्युदंडाची टांगती तलवार असतानाही पौल वाचकांना पुनःपुन्हा आनंद करायला सांगतो, म्हणून याला ‘आनंदाचे पत्र’ म्हणतात. हा आनंद भाबडा नव्हे. मंडळीची मदत घेऊन आलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी पोहोचला होता. तो दगावला असता तर दुःखावर दुःख कोसळले असते, हे पौल मोकळेपणाने कबूल करतो. सुबत्ता आणि उपासमार दोन्हींत समाधानी राहणे आपण शिकलो, असे तो म्हणतो. ख्रिस्तावरील विश्वासाप्रमाणेच त्याच्यासाठी सोसणे हेही कृपेचे दान आहे, हा पहिल्या अध्यायातील विचार पचायला सर्वांत अवघड. दुसऱ्या अध्यायातील ख्रिस्तस्तोत्र पौलाच्या आधीचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.