रोमचा कौल आणि महाडचे तळे

"आपल्या माणसाला रोम कशाला हवे? आपलाच इतिहास धुंडाळ," असे एका विद्वान प्राध्यापकांनी मला सुनावले होते. मी पोलादपूरकडचा. मार्च १९२७ मध्ये माझे आजोबा पायी महाडला गेले आणि चवदार तळ्याचे पाणी पिऊन आले. त्या ओंजळीनेच मला रोमला नेले, हे त्या प्राध्यापकांना कसे कळावे!

१९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. हक्क कागदावर आला, घागरीत नाही. २० मार्चला बाबासाहेबांनी पाणी घेतले, त्यानंतर आमच्या माणसांवर लाठ्या पडल्या आणि शेण-गोमूत्राने तळे 'शुद्ध' झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. न्यायालयाचा शेवटचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला.

त्याच्या आदल्या वर्षी, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, बाबासाहेबांनी रोमचा दाखला दिला. प्लेबियनांना कॉन्सलपद मिळाले, पण निवडलेला माणूस देवीला मान्य आहे की नाही हे सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन. बाबासाहेबांनी तिथे डेल्फीचे नाव घेतले आहे. काटेकोर बोलायचे तर डेल्फी ग्रीकांचे. रोममध्ये हे काम शकुन पाहणारे ऑगर करीत. तपशील चुकला, वर्म मात्र अचूक सापडले. इ.स.पू. ४४५ मध्ये कानुलेयसने पॅट्रिशियन-प्लेबियन विवाहावरील बंदी उठवायला लावली, तेव्हा विरोधकांची ओरड हीच होती की रक्त मिसळले तर शकुन विटाळतील. आपल्याकडे ही भाषा कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

इ.स.पू. ३६७ पासून एक कॉन्सल प्लेबियन होऊ लागला. ३०० मध्ये ऑगरपदही खुले झाले. आणि तरीही २१५ मध्ये काय घडले पाहा. हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला. मार्केलस हा कसलेला प्लेबियन सेनानी कॉन्सल निवडून आला. दुसरा कॉन्सलही प्लेबियन. तो पद स्वीकारत असतानाच आकाशात गडगडले. ऑगर म्हणाले, निवडीत दोष आहे. दोन प्लेबियन देवांना चालत नाहीत, अशी कुजबुज सरदारांनी पसरवली. मार्केलसच्या जागी पॅट्रिशियन फेबियस आला. पुरोहितांत आपले चार लोक बसले म्हणून कौल बदलतोच असे नाही, ही गोष्ट बाबासाहेबांच्या दाखल्याच्याही पुढे जाते.

एकदा वर्गात हे शिकवत असताना एका मुलीने विचारले, "सर, मग त्याने नकार का नाही दिला?"

मी तिच्यापुढे लिव्हीचे ते पान उघडून ठेवले. तिथे मार्केलस एक शब्दही बोलत नाही. फक्त पद सोडतो.