सांकवाळची सायबीण आणि गोव्याचे वैद्य

सांकवाळला गेलात तर १८३४ च्या आगीनंतर उरलेली एका चर्चची दर्शनी भिंत तेवढी उभी दिसते. हे चर्च 'नोसा सेन्होरा द साऊद'चं. कोंकणीत तिला भलायकेची सायबीण म्हणतात, म्हणजे आरोग्य देणारी माता. भाषांतर बरोबर आहे, पण अर्धंच.

'साऊद' हा पोर्तुगीज शब्द लॅटिन 'सालुस'वरून आला. सालुस म्हणजे धडधाकट प्रकृती, आणि सालुस म्हणजेच तारण. ग्रीक शुभवर्तमानातही तेच. रक्तस्रावाने पिडलेली बाई बरी होते, दुसरीकडे एका पापी स्त्रीला क्षमा मिळते. येशू दोघींना निरोप देताना क्रियापद एकच वापरतो. मराठी बायबलात मात्र एकीकडे 'बरे करणे' आहे, दुसरीकडे 'तारणे'. आपल्या संतांनीही 'भवरोग' म्हटलंय, पण ते रूपक झालं. तिथे शब्दच एक होता.

आणि शब्द एक म्हणून नियमही तसे. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवलं की वैद्याने रोग्याला आधी पाद्री बोलवायला सांगावं, औषध मागाहून. कारण आजार कधी कधी पापातून येतो. १५६६ मध्ये पोप पायस पाचवा याने हे आणखी आवळलं: तीन दिवसांत कुमसार, म्हणजे पापांची कबुली, झाली नाही तर वैद्याने त्या रोग्याकडे जाणंच थांबवायचं. माझ्यातल्या इंजिनिअरला हा तर्क पटतो. गळती मुळाशी बंद केल्याशिवाय वरून गिलावा करून काय उपयोग?

पण गोव्यात हे पाळायचं कुणी? इथले नावाजलेले वैद्य हिंदू. ते कशाला रोग्याला कुमसाराची आठवण करून देतील? म्हणून १५६७ च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना त्यांच्याकडे जायलाच मनाई केली.

मनाई किती टिकली ते लिन्शोटेन सांगतो. हा डच माणूस १५८३ मध्ये गोव्यात आला, खुद्द आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. तो लिहितो की व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि झाडून सगळे पाद्री स्वतःच्या लोकांपेक्षा या वैद्यांवर जास्त भरवसा ठेवतात. वैद्य पोर्तुगीजांसारखे डोक्यावर छत्र धरवून हिंडतात. आर्चबिशपांना काही सिद्धांत ठाऊक नव्हता असं नाही. ताप चढला की सालुसचे दोन तुकडे होत, इतकंच.

१६१८ मध्ये गोव्याच्या नगरसभेने परीक्षा घेऊन परवाने द्यायचं ठरवलं, आणि हिंदू वैद्यांची संख्या ३० वर बांधली. परीक्षा होती ती वैद्यकीची.