राख, उकिरडा आणि कोंबडखत

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील खतांच्या जुन्या पद्धतींत आग किंवा काळ यांपैकी एक तरी घटक असेच, आणि पीक खाणाऱ्याचे रक्षणही त्यानेच नकळत होत असे. भामरागडच्या डोंगरांत माडिया गोंडांच्या ‘पेंदा’ या फिरत्या शेतीत जंगलाचा तुकडा तोडून, वाळवून जाळला जाई आणि त्या राखेत भरडधान्य पेरले जाई. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा, म्हणजे हाच प्रदेश, ब्रिटिशांकडे गेला आणि पुढे १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांतील अशा शेतीवर बंधने आली. वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीला व घरामागच्या सांदवाडीला मात्र उकिरड्याचा आधार होता. मोजक्या गावठी कोंबड्यांची विष्ठा तेथे शेण, राख व पालापाचोळ्यात मिसळून, पावसाळ्यापूर्वी खड्डा उपसला जाईपर्यंत कुजत राही.

या कुजण्याला शास्त्रीय शिस्त लावली ती इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी. १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत काडीकचरा व शेण यांचे थर रचून ते ठरावीक काळाने उलटले जात, ढिगाचे तापमान साठ अंशांच्या वर चढे आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई.

ब्रॉयलर पालनाने हा काळ खतातून काढून घेतला. शेडमध्ये अंथरलेला भाताचा तूस, विष्ठा, पिसे व सांडलेले खाद्य मिळून झालेले कोंबडखत दर तुकडीनंतर एकदम बाहेर पडते. शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का, तर यात तीन टक्क्यांच्या आसपास असल्याने त्याला मागणीही असते. ताजे कोंबडखत ‘गरम’ असते, त्याने रोपे करपतात, हे शेतकरी जाणतो. परंतु निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे अतिसार घडवणारे जिवाणू असू शकतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

पालेभाजीत हा धोका वाढतो, कारण तिची पाने जमिनीलगत असतात, पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर माती त्यांच्या घड्यांत अडकते आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, कच्चाच खाल्ला जातो. धुण्याने जिवाणू कमी होतात, पण पूर्णपणे जात नाहीत. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, मातीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीपूर्वी किमान १२० दिवस कच्चे खत घालणे थांबवावे लागते. मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणून हे अंतर राखायचे तर कच्चे खत पेरणीच्या कितीतरी आधी मातीत जायला हवे. दुसरा मार्ग कंपोस्टचा: त्याच नियमांनुसार उघड्या ढिगाचे तापमान पंधरा दिवस ५५ अंशांवर राखून तो किमान पाच वेळा उलटावा लागतो, जेणेकरून बाहेरचा थंड थरही आतल्या उष्णतेत येतो.

उकिरड्यात हा विलंब आपोआप घडत होता, कारण खत थोडे होते आणि ते वर्षातून एकदाच शेतात जाई. आज खत मुबलक आहे व भाजी बारमाही आहे. त्यामुळे पूर्वी परिस्थितीने लादलेली प्रतीक्षा आता शेतकऱ्याने जाणीवपूर्वक पाळली पाहिजे, आणि तिच्यासाठी लागणारी जागा, श्रम व दिवस यांची किंमत भाजीच्या भावात त्याला मिळाली पाहिजे.