घोडा उचलणारी पोर

१९४१ सालीं स्टॉकहोम येथें कारिन नांवाची एक लहान मुलगी न्यूमोनियानें आजारी होती. तिनें आईला पिप्पी लोंगस्ट्रुम्पची गोष्ट सांगावयास विनविलें. हें नांव तिनें तेथल्या तेथें बनविलेलें. तें इतकें विलक्षण होतें कीं, त्यास शोभेलशी मुलगी कल्पिणें आई आस्ट्रिड लिंडग्रेन यांस भागच पडलें. १९४४ च्या मार्चांत बर्फावर घसरून बाईंचा पाय मुरगळला, तेव्हां पडल्या पडल्या त्यांनीं ती गोष्ट लिहून काढली.

बॉनियर या मातबर प्रकाशनसंस्थेनें हस्तलिखित परत केलें. बाईंनीं तें बरेंच सौम्य केलें. १९४५ त राबेन-शोग्रेन संस्थेच्या स्पर्धेंत त्यास पहिलें पारितोषिक मिळालें व त्याच वर्षीं पुस्तक निघालें. १९४६ त प्राध्यापक लांडक्विस्ट यांनीं वृत्तपत्रांतून त्यावर कडक टीका केली. नऊ वर्षांची पोर, आई वारलेली, बाप समुद्रांत नाहींसा झालेला. ती पडवींत घोडा बांधून एकटीच राहते, एक दिवस शाळेंत जाऊन तिला रामराम ठोकते, पोलिसांस कमरपट्ट्याला धरून बाहेर नेऊन ठेवते! अशी पोर सुजाण वडिलांस रुचावी कशी?

मुख्य गोष्ट मात्र आक्षेपकांच्या नजरेंतून निसटली, असें आम्हांस वाटतें. ही कथा जन्मली तेव्हां युरोपांत महायुद्ध पेटलेलें होतें. स्वीडन तटस्थ खरें. पण बाई टपाल तपासणाऱ्या सरकारी कचेरींत नोकरीस होत्या. बलिष्ठांच्या हातीं दुर्बळांचें काय होतें, तें त्या परक्यांच्या पत्रांतून वाचीत आणि घरीं दैनंदिनींत टिपीत. अशा काळीं त्यांनीं जी मुलगी निर्मिली ती घोडा लीलेनें उचलते. पण हें बळ ती खर्चते कोठें? एका लहानग्यास पांच दांडगट पोरें छळतात, तेव्हां ती त्यांस उचलून दूर ठेवते. घरांत शिरलेल्या चोरांस नमविते, आणि जातांना प्रत्येकाच्या हातीं सोन्याचें नाणें ठेवते. सर्कशींतल्या पहिलवानास ती लोळविते आणि बक्षिसाचे शंभर क्रोनर नाकारते. त्या पहिलवानाचें नांव आडोल्फ. हें १९४५ सालच्या वाचकास उलगडून सांगावयास नको होतें.

बळाचा हा प्रश्न बाईंनीं पुढेंही सोडला नाहीं. १९७८ सालीं फ्रांकफुर्ट येथें जर्मन पुस्तकव्यवसायाचें शांतता-पारितोषिक स्वीकारतांना त्यांनीं मुलांस मारण्याविरुद्ध भाषण केलें. पुढल्याच वर्षीं, आईबापांनींही मुलांस मारूं नये असा कायदा स्वीडननें केला; असा कायदा करणारें तें जगांतलें पहिलें राष्ट्र.