उत्पत्तीच्या पुस्तकातील देव

बायबलच्या जुन्या कराराचा आरंभ ‘उत्पत्ती’ या पुस्तकाने होतो. गोव्यातील मराठी वाचकाला त्यातील सृष्टिकथा अगदीच अपरिचित नाही. राशोल येथे १६१६ साली छापलेल्या थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात ती आलेली आहे. मात्र मूळ पुस्तकात निर्मितीचे एक नव्हे, दोन वृत्तान्त लागोपाठ येतात, आणि दोहोंतील देवाचे रूप निराळे आहे.

पहिल्या वृत्तान्तातील देव, हिब्रूत एलोहीम, केवळ आज्ञेने निर्माण करतो. त्याला जन्म नाही, वंशावळ नाही, प्रतिस्पर्धी नाही. याचे महत्त्व बाबिलोनी परंपरेशी ताडून पाहिल्यावर ध्यानी येते. ‘एनुमा एलिश’ या काव्यात मार्दुक हा देव आदिजलरूप तियामतला युद्धात मारतो आणि तिचा देह दुभंगून विश्व रचतो. देवांचे कष्ट वाहण्यासाठी किंगू या वधलेल्या देवाच्या रक्तापासून माणूस घडवला जातो. उत्पत्तीतही प्रारंभी अंधारलेले अथांग जल आहे. त्यासाठीचा ‘तेहोम’ हा शब्द ‘तियामत’शी भाषिक नाते सांगतो, पण हे जल कोणाशीही लढत नाही. बाबिलोनमध्ये पूज्य असलेले सूर्य-चंद्र तर चौथ्या दिवशी अवतरतात, तेही नावाविना, एक मोठी आणि एक लहान ज्योती म्हणून. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ज्यू लोक बाबिलोनमध्ये बंदिवासात असताना किंवा त्यानंतर या अध्यायाला आजचे रूप आले, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर पराभूतांनी जेत्यांच्या देवांना दिलेले हे उत्तर विलक्षण संयमी म्हणावे लागेल.

त्याहून धीट आहे तो माणसाविषयीचा विचार. इजिप्त आणि मेसोपोटेमियात देवाची प्रतिमा म्हणून राजाचा गौरव होत असे. येथे ते पद स्त्री-पुरुष दोघांनाही, म्हणजे मनुष्यमात्राला दिले आहे. सातव्या दिवशी देव विश्रांती घेतो. पुढे दहा आज्ञांत त्याच विश्रांतीचा दाखला देऊन दास-दासी आणि गुराढोरांनाही सुटी सांगितली आहे.

दुसऱ्या वृत्तान्तात याहवे हे नाव येते. प्रचलित मराठी भाषांतरात ‘परमेश्वर देव’. हा देव कुंभारासारखा मातीत हात घालतो. ‘अदामा’ म्हणजे भूमी, तिच्यातून ‘आदाम’. तो त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, बाग लावतो. माणसाचे एकटेपण बरे नव्हे, हे त्याला जाणवते. मग तो पशुपक्षी घडवून माणसापुढे आणतो आणि तो त्यांना काय नावे देतो ते पाहतो. त्यांत जोडीदार सापडत नाही, तेव्हा स्त्रीला निर्माण करतो. पुढच्या अध्यायात तर हाच देव दिवसाच्या गार वेळी बागेत फिरताना दिसतो.

पहिल्या वृत्तान्तात पशू आधी आणि माणूस शेवटी, दुसऱ्यात पुरुष आधी आणि पशू नंतर. संकलकांनी हा क्रमभेद जुळवून घेतला नाही. दोन्ही कथा तशाच शेजारी ठेवल्या.