तांब्याच्या जलनलिकांचे छिद्रक्षरण
तांब्याच्या जलनलिकांचे छिद्रक्षरण : तांब्याच्या नळाची बाकीची भिंत शाबूत असताना एखाद्या बिंदूपाशीच धातू खोलवर झिजून टाचणीच्या टोकाएवढे आरपार भोक पडणे, यास छिद्रक्षरण म्हणतात. पृष्ठभागावर सर्वत्र सारखी होणारी झीज अत्यंत सावकाश असल्याने तांब्याचा नळ सामान्यतः अनेक दशके टिकतो. छिद्रक्षरणाने मात्र तो कधीकधी एक-दोन वर्षांतच निकामी होतो. झिजलेल्या धातूचे वजन नगण्य असते. परंतु भिंतीत गाडलेल्या नळाची गळती ओल बाहेर दिसेपर्यंत कळत नाही.

इतिहास : ईजिप्तमधील अबूसीर येथे साहुरे राजाच्या पिरॅमिड-मंदिरात इ. स. पू. पंचविसाव्या शतकातील तांब्याच्या निचरा-नळ्या सापडल्या आहेत. घरोघरी तांब्याचे नळ येऊ लागले ते विसाव्या शतकात, मुख्यतः यूरोप व अमेरिकेत. ब्रिटनमध्ये काही नळ अकाली फुटू लागल्यावर एच. एस. कँबेल यांनी त्यांचा अभ्यास केला व १९५० मध्ये निष्कर्ष मांडले. नळी ओढताना वापरलेले वंगण अनुशीतनाच्या (तापवून धातू मऊ करण्याच्या) वेळी जळून आत कार्बनाचा पातळ थर राहतो आणि विहिरीच्या थंड, दुष्फेन (कठीण) पाण्यात तेथे छिद्रे पडतात, असे त्यांना आढळले. नदी-तलावांच्या काही पाण्यांत छिद्रक्षरणास आळा घालणारे नैसर्गिक द्रव्य असते, हेही त्यांनी १९५४ मध्ये दाखविले. पुढे उत्पादनपद्धती सुधारल्या. तरी प्रश्न संपला नाही. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, वॉशिंग्टनच्या उपनगरांत, अशा गळतीच्या असंख्य तक्रारी आल्या.

प्रक्रिया : छिद्राच्या तळाशी तांबे विरघळते (धनाग्र), तर भोवतालच्या पृष्ठभागावर पाण्यातील ऑक्सिजनाचे क्षपण होते (ऋणाग्र). तळाशी क्युप्रस क्लोराइड साचते, मुखावर क्युप्रस ऑक्साइडाचा पापुद्रा धरतो व त्यावर मॅलॅकाइट आणि कॅल्शियम कार्बोनेट यांची हिरवट पुळी उठते. या झाकणामुळे आतील द्रव अम्लधर्मी राहून झीज चालू राहते. विस्तृत ऋणाग्राचा सर्व भार इवल्याशा धनाग्रावर पडत असल्याने छिद्र झपाट्याने खोल जाते. उष्ण व मृदू पाण्यात आढळणारा दुसरा प्रकार मुख्यतः बायकार्बोनेटाच्या मानाने सल्फेट अधिक असल्यास उद्‌भवतो. वळणांपाशी वेगवान प्रवाहाने होणारी झीज याहून वेगळी होय.

बारामती-इंदापूर परिसर : नळाचे आयुष्य पाण्यातील क्षारांवर अवलंबून असल्याने पुणे जिल्ह्यातील या दोन तालुक्यांच्या पाण्याचा इतिहास येथे उद्‌बोधक ठरतो. या अल्पवृष्टीच्या प्रदेशात १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला. भाटघर धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. परंतु पाझराने भूजलाची पातळी चढून सखल काळ्या जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. हॅरल्ड मान व व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील अभ्यास १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातर्फे प्रसिद्ध केला. जमिनीतील क्लोराइडे व सल्फेटे विहिरींतही उतरतात. त्यामुळे त्याच तालुक्यात कालव्याचे पाणी व सखल भागातील विहिरीचे पाणी यांच्या गुणधर्मांत मोठा फरक पडतो.

महाराष्ट्रात घरगुती नळ प्रायः जस्तविलेपित लोखंडाचे व नंतर प्लॅस्टिकचे असत. तांबे असे ते हंडा, घागर व बंब यांत. चिंच व राख लावून रोज घासलेल्या घागरीवर पुळी धरू शकत नाही. बंबाच्या आत मात्र क्षारांचा थर बसतो आणि भोक पडल्यास तांबटाकडून डाख देऊन घेतात. नळाचे अंतरंग घासता येत नाही, हाच महत्त्वाचा भेद.

उपाय : सौर जलतापकांतील तांब्याच्या नळ्यांमुळे हा विषय आता ग्रामीण घरांपर्यंत आला आहे. दुष्फेन पाण्याने त्या मुख्यतः क्षार साचून तुंबतात. म्हणून अशा ठिकाणी उष्णता-विनिमयक असलेली रचना योग्य ठरते. नळ टाकण्यापूर्वी पाण्याचे रासायनिक परीक्षण करावे, आतून स्वच्छ नळ्या निवडाव्यात, सांध्यातील अभिवाह (डाख देताना लावलेले द्रव्य) धुऊन काढावा आणि नव्या नळांत पाणी दीर्घकाळ साचू देऊ नये. फुटलेला तुकडा बदलूनही पाणी तेच राहिल्यास गळती पुन्हा अन्यत्र उद्‌भवू शकते.