चुलीतला कोळसा आणि चित्रातला कोळसा



'कोळसा उगाळावा तितका काळाच' अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाच्या स्वभावाला नावे ठेवताना ती वापरतात. पण चित्रकाराला विचारा. तो म्हणेल, अहो, हाच तर कोळशाचा मोठा गुण! हवा तितका काळा होतो, आणि नको असेल तेव्हा फडक्याच्या एका फटक्याने निघून जातो. शाईला हे जमत नाही, शिसपेन्सिलीलाही पुरतेपणी जमत नाही. आज या कोळशाच्या पेन्सिलीविषयी, म्हणजे ज्याला दुकानात 'चारकोल पेन्सिल' म्हणतात तिच्याविषयी, चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी इतिहासाचा मास्तर, चित्रकलेचा नव्हे. परंतु एखादी वस्तू कशी घडत आली हे कळले की ती कशी निवडावी आणि कशी वापरावी हेही पुष्कळसे आपोआप कळते, असा माझा समज आहे. खेड्यापाड्यांतल्या शाळांत चित्रकलेचा तास घेणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी हे विशेष ऐकावे.

आपल्या पालघर भागाला कोळसा काही नवा नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला; त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, आणि जव्हार, मोखाडा, वाडा, डहाणूकडच्या जंगलातून लाकूड व लाकडी कोळसा मुंबईकडे जात असे. लाकडाचे ओंडके रचायचे, त्यावर पालापाचोळा व मातीचा थर लिंपायचा, वाऱ्यापुरती भोके ठेवायची आणि आग आतल्या आत काही दिवस धुमसत ठेवायची. आधी पांढरा दाट धूर निघतो, ती लाकडातली वाफ. तो पातळ आणि निळसर झाला की भट्टी पिकली असे जाणकार ओळखतात, आणि भोके बुजवतात. हवा जास्त गेली तर हाती राख येते, कमी गेली तर अर्धे कच्चे लाकूड. चार-पाच मण लाकडातून जेमतेम मणभर कोळसा पदरात पडतो.

हे काम करणाऱ्यांत कातकरी पुष्कळ होते. त्यांचे नावच मुळी खैराचा कात पाडण्यावरून पडलेले. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलावर सरकारी बंधने आली, कात पाडण्याचा धंदा आखडला, आणि पुष्कळ कातकरी कुटुंबे व्यापाऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. मुंबईची शेगडी, लोहाराचा भाता, परटाची इस्त्री, सारे या कोळशावर चालायचे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा मोटारीसुद्धा कोळशाच्या वायूवर धावल्या. जंगलात राबणाऱ्याला ठेकेदार काय मजुरी देत आणि १९४५ साली वारल्यांनी त्याविरुद्ध कसे डोके वर काढले, ते गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आले आहे. तो आजचा विषय नव्हे. एवढेच म्हणतो की, ज्या पाड्यांवरच्या माणसांचे हात पिढ्यानपिढ्या कोळशाने काळे झाले, त्यांच्या पोरांना शाळेत 'साहित्य नाही, म्हणून चित्रकला नाही' असे सांगणे मला तरी पटत नाही. साहित्य घरच्या चुलीत आहे.

आता कुणी म्हणेल, मग वारली लोक पांढऱ्या रंगाने का चितारतात, कोळशाने का नाही? उत्तर सोपे आहे. कुडाच्या भिंतीवर शेणाचा आणि गेरूचा हात फिरवलेला असतो. त्या गडद भिंतीवर काळी रेघ बुडून जाईल. तांदळाच्या पिठाची उठून दिसते. लग्नाचा चौक सवाशिणी 'लिहितात' तो याच पिठाने, बांबूची काडी चेचून. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे १९७० नंतर कागदावर व कापडावर काढू लागले, २०११ साली पद्मश्री झाले, तरी गडद जमिनीवर पांढरी रेघ ही रीत त्यांनी सोडली नाही. तेव्हा पहिला धडा हा की, आधी जमीन पाहावी, मग रंग निवडावा. कोळशाला उजळ जमीन लागते. शाळेच्या नव्याने चुना दिलेल्या भिंतीवर पोरे कोळशानेच का रेघोट्या मारतात, हे यावरून कळेल. मार देण्यापूर्वी गुरुजींनी एकदा ती रेघ नीट पाहावी.

कोळशाने आखणी करणे ही आपल्या देशातली जुनी रीत आहे. आंध्रातल्या श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर आजही चिंचेच्या काटक्या जाळून त्यांच्या कोळशाने कापडावर पहिली आखणी करतात. चिंचच का? तिच्या बारीक फांद्यांचा कोळसा मऊ आणि एकसारखा उतरतो, कापडावर ओरखडे काढत नाही, आणि काम झाले की झटकून जातो. चिंच आपल्याकडे कुठल्या गावात नाही?

दुसरी एक युक्ती आपल्या भाषेतच लपून बसली आहे. 'कामाचा खाका तयार करा' असे आपण म्हणतो. हा खाका म्हणजे मूळ काय, तर 'खाक', फारसीत माती किंवा धूळ. जुने चितारी चित्राच्या रेषांवर सुईने टोचून भोके पाडत, तो कागद नव्या कागदावर ठेवत आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत. खाली ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र उमटे. भरतकामवाले अजून असेच छाप उतरवतात. आपण सरकारी योजनांचे खाके करतो, त्यांच्या मुळाशी चिमूटभर कोळसा आहे.

युरोपातही हेच चालले होते. सुमारे १४०० साली इटलीतल्या चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने आपल्या धंद्याची पोथी लिहिली. तीत कोळसा करण्याची कृती आहे. विलो झाडाच्या सुक्या काड्यांच्या जुड्या तारेने बांधाव्यात, नव्या मडक्यात घालून झाकण मातीने लिंपावे, आणि संध्याकाळी भटारखाना बंद झाला की त्याच्या भट्टीत रात्रभर ठेवावे. चुकलेली रेघ पिसाने झाडून टाकावी, असेही तो सांगतो. पुसायला रबर आले ते पुढे १७७० च्या सुमारास. तोवर लोक पावाचा मऊ गर वापरत. आजही वापरून पाहा, कोळसा छान उचलतो.

मग पेन्सिल आली कुठून? सोळाव्या शतकात इंग्लंडात बॉरोडेल येथे ग्रॅफाइटची खाण सापडली. लोकांना ते शिसे वाटले. आपण अजून 'शिसपेन्सिल' म्हणतो ती त्याच चुकीची शेपूट. पुढे फ्रान्सचे इंग्लंडशी युद्ध जुंपले, ग्रॅफाइट येईना, तेव्हा १७९५ साली निकोला-जाक काँते या फ्रेंच गृहस्थाने हलक्या ग्रॅफाइटच्या पुडीत चिकणमाती मिसळून कांडी भाजली. माती जास्त तर कांडी कडक आणि रेघ फिकी. माती कमी तर कांडी मऊ आणि रेघ काळी. पेन्सिलीवरचे 'एच' आणि 'बी' म्हणजे हेच प्रमाण. कोळशाची पेन्सिल याच विचाराची धाकटी बहीण आहे. कोळसा बारीक दळायचा, डिंक, माती किंवा मेण अशा एखाद्या बांधणाऱ्या पदार्थात मळायचा, सोऱ्यातून शेव पाडावी तशी कांडी पाडायची आणि दोन लाकडी पट्ट्यांच्या खोबणीत बसवायची. बांधणारा पदार्थ आला म्हणून ती नुसत्या कांडीपेक्षा जास्त काळी उठते, टोकदार होते, हात काळे करत नाही. आणि नेमके त्याचमुळे ती पुसायला नाठाळ असते. काहीतरी मिळाले, काहीतरी गेले.

आपल्या शाळांत मात्र कोळशापेक्षा शिसपेन्सिलीचाच मान मोठा राहिला, यालाही इतिहास आहे. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली निघाले. तिथली शिकवण लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या वळणाने गेली, आणि त्या वळणात कारागिरांना नेमकी, स्वच्छ बाह्यरेषा काढता यावी यावर भर होता. तेच वळण रेखाकला परीक्षांतून गावोगावच्या शाळांत झिरपले. १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे. त आले, त्यांनी समोर जिवंत माणूस बसवून चितारण्याला आणि भित्तिचित्रांना जोर दिला. मोठा कागद, उभा फळा, खांद्यातून फिरणारा हात, हा कोळशाचा खरा मुलूख. पण शाळेच्या बाकापर्यंत तो पोचला नाही. बारीक टोकाने, श्वास रोखून, रबराने भोक पडेपर्यंत खोडून काढलेली रेघ म्हणजेच चित्रकला, अशी पुष्कळ मुलांची समजूत होऊन बसते. माझ्या मते कोळसा शाळेत यायला हवा तो एवढ्यासाठीच.

साहित्याचे कारखाने आपल्याकडे स्वदेशीच्या काळात उभे राहू लागले. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या 'कॅमल' शाईवरून 'कॅम्लिन' हे नाव झाले आणि रंग, पेन्सिली आल्या. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, त्यातून बोईसरला तारापूरची वसाहत वसली, आणि तिथे कॅम्लिननेही कारखाना घातला. २०११ पासून ती कंपनी जपानच्या कोकुयोकडे आहे. म्हणजे बघा, एकाच जिल्ह्यात डोंगरात कोळशाच्या भट्ट्या आणि किनाऱ्याकडे चित्रसाहित्याचा कारखाना.

आता दुकानात जाऊ. चारकोल पेन्सिली बहुधा सॉफ्ट, मीडियम, हार्ड अशा तीन प्रकारांत मिळतात. एकच घ्यायची तर मीडियम घ्यावी. दोन घेता आल्या तर सॉफ्ट आणि हार्ड. मधले काम हात हलका-जड करून भागते. टोकाकडून पाहावे, कांडी लाकडाच्या बरोबर मध्ये आहे ना. बाजूला सरकलेली असेल तर तासताना एकीकडून मोडत जाते. पेन्सिल पडू देऊ नये. बाहेरून धड दिसते, आत कांडीचे तुकडे झालेले असतात. शार्पनरमध्ये घालू नये. ब्लेडने लाकूड लांबवर तासावे आणि उघड्या कांडीला पॉलिश पेपरवर घासून टोक आणावे. ती पूड टाकू नका, सावलीला कामी येते. पांढरी 'चारकोल' पेन्सिल मिळते तिच्यात कोळसा नसतो, पांढरा रंग असतो. ती खाकी कागदावर खुलते.

आणि विकत घेणे जमत नसेल तर चिंचेच्या बोटभर लांब, पेन्सिलीएवढ्या जाड सुक्या काटक्या सोलून घ्याव्यात, पत्र्याच्या डब्यात दाटीने भराव्यात, झाकणाला एक बारीक भोक पाडून कडा मातीने लिंपाव्यात आणि डबा निखाऱ्यात ठेवावा. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढावा. हे काम मोठ्या माणसाने मोकळ्या जागेत करावे, आणि डबा पुरता थंड झाल्याशिवाय उघडू नये. गरम असताना वारा लागला तर काटक्या पेट घेतात.

कागद गुळगुळीत नको. कोळसा कागदाच्या खरबरीतपणाला धरून बसतो; चकचकीत कागदावरून तो घसरतो. कार्ट्रिज कागद उत्तम, सरावाला दुकानातला खाकी कागद चालतो. कच्ची आखणी शिसपेन्सिलीने करू नये. तिच्या चकाकीवर कोळसा धरत नाही. आखणी काटकीनेच, हलक्या हाताने करावी, मोठे आकार आधी मांडावेत, चुकले तर फडक्याने झटकावे. आकार बसल्यावर पेन्सिल घ्यावी आणि सर्वांत गडद जागा शेवटी भरावी, कारण तिथून परतीची वाट नाही. बोटाने चोळण्याचा मोह फार होतो. थोडे चोळावे, कागदाच्या घट्ट सुरळीने चोळावे. सारे चित्र चोळले की ते धुरकट होते. उजेड हवा तिथे पावाच्या गराने किंवा मळण्याच्या रबराने कोळसा उचलून घ्यावा. हाताखाली एक कोरा कागद असू द्यावा. वरची पूड फुंकू नये, थुंकीचे डाग पडतात. कागद उभा धरून मागून टिचकी मारावी.

आपल्या किनारपट्टीला पावसाळ्यात कागद सर्द होतो. अशा कागदावर कोळसा चिकटून बसतो, उठत नाही. तेव्हा कागद आदल्या रात्री उबेच्या जागी ठेवावा. पुरे झालेले चित्र घडी करू नये, गुंडाळूही नये. वर पतंगाचा पातळ कागद घालून सपाट ठेवावे. कायम टिकवायचे तर जुने लोक स्पिरिटमध्ये चपडी लाख विरघळवून तिचा फवारा मारत. आता तयार फवाऱ्याचे डबे मिळतात. दार-खिडक्या उघड्या ठेवून, आणि जवळपास चूल किंवा दिवा नाही हे पाहून, हातभर अंतरावरून एक हलका हात द्यावा, वाळू द्यावे, मग दुसरा द्यावा. एकदम भिजवला तर काळे ओघळ येतात.